शेडातल्या चुलीचा खुलासा

मु. पो. सिरसाळा,
बुधवार

आदरणीय सुग्रीवराव पाव्हणं यांना दाजी अजिनाथचा मनापासून रामराम. तुमची तब्येत, वयनींचे गुडघे आणि नव्या म्हशीचं दूध हे सगळं ठीक असंल असं धरून चालतो. आमच्याकडं मी सोडून सगळं ठीक हाय.

तुम्ही म्हणाल, खिशात मोबाइल असताना दाजी कागदाला कावून लागले? पाव्हणं, तुमच्या घरात फोन स्पीकरवरच वाजतो. मागं मला जुलाब लागलते, ते मी फक्त तुमच्या कानात सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी तुमच्या गल्लीतल्या चंद्रभागाबाईनं डाळिंबाच्या साली धाडल्या. आताची गोष्ट तर जुलाबाच्या बरोबर उलटी हाय.

तुमची बहीण आठ दिवसांखाली पिशवी घेऊन लिंबागणेशला आली, ती 'नवऱ्यानं येगळी चूल मांडली' म्हणून रडत आली असंल. चूल मांडली हे खरं हाय. ट्रॅक्टरच्या शेडात, तीन विटांची, मीच मांडली. पण तिच्यावर आजवर साधा चहासुद्धा झालेला न्हाई. नुसतं पाणी तापतं, आणि त्या पाण्यात मी बसतो.

आता शरम सोडून लिहितो. चार महिने झाले, मला बसायच्या जागी चीर पडलीय. (लोक तिला मूळव्याध म्हणतात. ती येगळी, ही येगळी. आता मी ह्यातला जाणकार झालोय.) दिवसभर ट्रॅक्टरवर बसायचं, पाणी प्यायचं न्हाई, सकाळी घाईघाईत कुंथायचं, दुसरं काय होणार? सकाळचं काम दोन मिनिटांचं, पण पुढचे दोन तास डोळ्याला पाणी. मी सीटवर एका अंगावर कलून बसायला लागलो, तर लोकांना वाटलं, अजिनाथ मागं वळून वळून नांगर बघतो, लई ध्यान देऊन रान करतो. चार कामं जास्तीची आली. म्हंजे आणखी बसा!

आधी भिंतीवरची पाटी वाचून एका बाबाची पुडी खाल्ली, तिनं निसती आग केली. मग गुपचूप परळीला गेलतो. तर डॉक्टर बाई निघाल्या, त्याबी आमच्या लेकीच्या, मनीषाच्या वयाच्या! मी घाबरून म्हणालो, दाढ दुखतीय. त्या म्हणाल्या, काका, दाढवाला माणूस खुर्चीच्या कडंला बसत न्हाई. मग काय, सगळं सांगितलं. त्यांनी तपासून सांगितलं की चीर जुनी झालीय, पण लगेच कापाकापी नको, बऱ्याच जणांचं औषधावर भागतं. मलम दिलं. त्यानं तिथला आवळलेला भाग सैल पडतो, रगत नीट फिरतं आणि चीर भरायला लागते. (पहिल्या मलमानं डोकं असं ठणकायचं की खालचं दुखणं विसरून जावं. तसं सांगितल्यावर त्यांनी मलम बदललं.) इसबगोल, भरपूर पाणी, फळं, पालेभाज्या, तिखट कमी, कुंथायचं न्हाई, आणि दिवसातून दोनदा कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसायचं. सहा-आठ आठवडे नेमानं करा म्हणाल्या, न्हाई जमलं तर पुढचं बघू.

आता सांगा, घरात टबात कुठं बसू? 'वासराला पाणी पाजायला' म्हणून टब आणला आणि शेडात लपवला. रात्री जेवायची भीती वाटायची, कारण जेवलं की सकाळ होते. म्हणून घरी 'भूक न्हाई' म्हणायचो आणि शेडात पपई खायचो. एक दिवस तुमची बहीण अंड्यावरची कोंबडी हुडकत शेडात शिरली. तिला दिसलं काय? चूल, राख, ताटली, गिलास आणि पपईच्या साली. दारात येऊन तिनं मला विचारलं, 'माझ्या हातचं गोड लागंना व्हय तुम्हाला?'

तवाच सांगायला पायजे होतं. पण शेजारचा म्हाळू पानाला चुना लावत तिथंच उभा होता. त्याला कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या सिरसाळ्याला कळलं असतं. मी म्हणालो, 'तसंच समज.' एवढे दोनच शब्द. तिनं तासाभरात पिशवी भरली आणि गेली. तिला वाटलं, अठ्ठावीस वर्षांनी नवरा तिच्या हातच्या भाकरीला विटला. आणि मी बैलासारखा बघत उभा राहिलो.

आत गेलो तर टोपलीत दोन दिवसांच्या भाकरी फडक्यात बांधलेल्या, तूप लावून. एवढ्या रागातबी तूप लावलं बाईनं! मी खाल्ल्या आणि लई रडलो. पाव्हणं, त्या दिवशी दुखणं अजिबात न्हवतं.

तवा तिची समजूत काढावी, ही हात जोडून विनंती.

तुमचा,
अजिनाथ

ता. क. : मलम सुरू करून वीस दिवस झाले, पडायचं ते रगत थांबलंय, दुखणं बारा आणे कमी झालंय. बाई म्हणाल्या, मधीच मलम सोडू नका. सोडत न्हाई.

ता. क. दुसरं : वाचून झालं की कागद फाडून टाका. वयनींनासुद्धा दाखवू नका.

ता. क. तिसरं : फाडू नका. सकाळी ती दिवा लावते त्या भिंतीतल्या देवळीत, काड्यापेटीखाली ठेवा, आणि तुम्ही रानात निघून जा. तुमच्याकडून काही सांगावं लागणार न्हाई. खरं म्हंजे तुम्हाला लिहायला बसलोच न्हवतो.

ता. क. शेवटचं : मनकर्णे, दुखत होतं गं. तुला सांगायची लाज वाटली, बाकी काही न्हवतं. तुझ्या हातचं गोड लागंना असं ह्या जल्मात व्हायचं न्हाई. रविवारी पहिल्या गाडीनं तुला न्यायला येतोय. बीडपर्यंत जागा मिळाली तरी उभ्यानंच येईन, पण येतो. तू न्हाई म्हणू नको.