कडी नसलेलं दार

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून 'सामसूम'च्या ग्रुपचा मॉडरेटर मी. आधीच्याला जुळी झाली आणि त्याने हात टेकले. स्वतः गेमवाल्या बाईंनी मला मेसेज केला. हा अख्खा गेम त्यांनी एकटीने, कित्येक वर्षं खपून केलाय. बंद पडलेली रेडिओची इमारत, आपण तिथले रखवालदार, एकेका मजल्यावरचे दिवे घालवत वर जायचं, बस. मारामारी नाही, पॉइंट नाहीत. सगळ्यात वरच्या मजल्यावर एक बाक आहे आणि बाकासमोर कडी नसलेलं दार. ते कसं उघडतं आणि आत काय आहे, हे कृपया कोणी कोणाला सांगू नका, इशाराही देऊ नका, ज्याचं त्याला सापडू द्या, अशी बाईंनी गेमच्या सुरुवातीलाच विनंती केली आहे. ग्रुपवर ती पाळली जाते की नाही, हे बघायचं माझं काम.

बाईंनी एकच विचारलं, की तुम्ही दार उघडलंय ना? कारण ज्याने उघडलंय त्यालाच कळणार, काय पुसायचं आणि काय ठेवायचं. मी हो म्हणालो. तत्त्वतः ते खरंच आहे. बाकी सगळा गेम झालाय, दारापर्यंत पोचलोय, फक्त ते प्रत्यक्ष उघडायचं राहिलंय. या शनिवार-रविवारी उरकून टाकतो.

ग्रुपवरचं नाव बदलून 'द्वारपाल' केलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

बायकोही पलंगासमोरच्या टीव्हीवर 'सामसूम' खेळायला लागली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती पलंगावरच आहे. एरवी दिवसभर तलावावर मुलांना पोहायला शिकवणारी बाई, आता पाय उशीवर आणि नजर छतावर. काल फिजिओथेरपिस्ट म्हणाला, पाण्याचं एवढ्यात नाव काढू नका. एवढ्यात म्हणजे कधीपर्यंत, असं तिने विचारलं तर त्याने विषय बदलला. आज दुपारी मी ऑफिसातून फोन केला तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे दिवे घालवत होती आणि आवाजात जरा जान होती.

तिने एक अट घातली आहे. मी काही सांगायचं नाही, दाराबद्दल तर अवाक्षर नाही. म्हणाली, सध्या मला कोणी उठवतं, कोणी बसवतं, कोणी न्हाऊ घालतं. निदान ही एक गोष्ट तरी माझी मला करू दे. मी म्हणालो, अगं, मी द्वारपाल आहे. त्यावर, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं ती म्हणाली. हा अन्याय आहे. आईच्या वाढदिवसाची सरप्राइज पार्टी मी आईलाच सांगितली ते वेगळं. आईने तेव्हा खोदून खोदून विचारलं होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

दार उघडलं नाही.

ढकललं. लाथा घातल्या. टॉर्च आपटला. सगळे दिवे उलट्या क्रमाने लावले. बाकावर उभं राहून उड्या मारल्या. रखवालदाराला घाम फुटला, दार ढिम्म. बाईंनी फार डोकं लावून केलंय. माझ्यासारखा माणूस अडकतो म्हणजे कमालच म्हणायची.

बायकोने आतल्या खोलीतून विचारलं, एवढा कीबोर्ड का बडवतोयस? तपासणी चालू आहे असं सांगितलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पहिली मोठी कारवाई. अडचण एवढीच, की गुपित फुटलं हे ओळखायला गुपित माहीत लागतं. त्यावर मी पद्धत काढली आहे. जे वाचून मला वाटेल, अरेच्चा, हे करून बघायला हवं, ते ताबडतोब पुसायचं. मग घरी येऊन करून बघायचं. आरशाबद्दलची पोस्ट पुसली. लिफ्टबद्दलची पुसली. दुसऱ्या मजल्यावरच्या झुरळाबद्दलची पुसली. एकाने नुसतं 'दाराचा रंग छान आहे' लिहिलं होतं, धोका नको म्हणून तेही गेलं. यातल्या कशानेही दार उघडत नाही, हे मी जातीने पडताळून पाहिलं.

ग्रुपवर कुरबुर आहे. एक जण म्हणे, द्वारपालांनी आता 'आहे' आणि 'नाही' हे शब्दही बंद करावेत. अशा लोकांकडे लक्ष द्यायचं नसतं. त्याला आठवडाभर बंद केलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसात प्रसंग. आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते आणि तक्रारीचे फोन मी घेतो. सकाळी एक बाई लिफ्टमध्ये अडकल्याचा फोन आला, नेमका तेव्हा मी ग्रुपवर पंख्याविषयीची एक घातक पोस्ट पुसत होतो. मेकॅनिकला निरोप द्यायला जरा उशीर झाला. जरा म्हणजे, बाई बाहेर आल्या तोवर त्यांची मीटिंग संपून लोक घरी गेले होते. साहेबांनी केबिनमध्ये घेऊन खरडपट्टी काढली. कलाकाराच्या इच्छेचा मान राखणं म्हणजे काय, हे मी त्यांना समजावणार होतो, पण त्यांचा चेहरा बघून राहू दिलं.

संकल्प: ऑफिसात फोन ड्रॉवरमध्ये. उद्यापासून.

१८ फेब्रुवारी

फोन दिवसभर ड्रॉवरमध्येच होता. ड्रॉवर उघडा ठेवावा लागला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बायको वरच्या मजल्यावर पोचली. घरी आलो तर चेहऱ्यावर तजेला. दार दिसलं म्हणाली, आणि मी तोंड उघडायच्या आत हात वर करून मला गप्प केलं. औषध घेतलं की ती तिथे जाते, रखवालदाराला बाकावर बसवते, थोडा वेळ इकडेतिकडे बघत राहते आणि ऐकते. भिंतीतल्या पाइपांतून पाणी जातं, त्याचा आवाज थेट तलावाखालच्या पंपाच्या खोलीसारखा येतो म्हणे. डोळे मिटायला लागले की गेम बंद करते. असं बसून कुठे दारं उघडतात का, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आजारी माणसाला नाउमेद करू नये.

मेव्हणीशी फोनवर बोलताना ऐकलं. पुढच्या तपासणीच्या आत ते दार आपलं आपल्याला उघडलं तर पायही साथ देईल, असं काहीतरी तिने मनाशी धरलंय. हसत सांगत होती, पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं ते. मला जरा काळजी वाटली. दार अवघड आहे, मला माहीत आहे ना.

आज माझ्याकडून: बाकाभोवती गोल गोल धावलो. ढिम्म.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ग्रुपवर माझ्यासाठी 'हुकूमशहा' हा शब्द वापरला गेला. मीही खेळकर आहे, हे दाखवणं भाग होतं. संधी चालून आली. 'आळशी बोका' नावाच्या एकाने लिहिलं, की एवढी उलथापालथ कशाला करता, रखवालदाराला बाकावर बसवा, कंट्रोलर खाली ठेवा आणि कशालाही हात लावू नका, कंटाळा येईपर्यंत बसलात की दार आपोआप उघडतं. मी पोट धरून हसलो. पोस्ट पुसली तर नाहीच, उलट 'आठवड्याचा विनोद' म्हणून ग्रुपच्या सगळ्यात वर टाचून ठेवली. खाली स्वतः लिहिलं, की उपाय इतका बावळट असता तर द्वारपाल कशाला लागला असता?

भरघोस प्रतिसाद. पुष्कळांनी काही न लिहिता नुसता तोंडावर हात ठेवलेला चेहरा पाठवला. हसू आवरत नसणार.

२३ फेब्रुवारी, रविवार

हात ठेवलेले चेहरे वाढतायत. काही जुने सदस्य न सांगता सोडून गेले. लोकांना विनोद सोसत नाही. बोक्याने खाजगीत विचारलं, की मी रागाच्या भरात लिहून बसलो, तुम्ही लगेच पुसाल असं वाटलं होतं, तुम्ही खरंच वर लावलंत? मी कळवलं, विनोदबुद्धी ही देणगी आहे, लिहीत राहा.

सकाळी बायकोने विचारलं, ते पाइपांचे आवाज इतरांनाही तसेच वाटतात का, ग्रुपवर वाचावंसं वाटतं, पण दाराचं काही नजरेला पडलं तर? मी छातीवर हात ठेवून सांगितलं, इंटरनेटवर याहून सुरक्षित जागा नाही. मी स्वतः झाडून काढतो. बिनधास्त वाच.

२४ फेब्रुवारी, सोमवार, दुपार

बाईंचा मेसेज. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांचे वडील शेवटी शेवटी अंथरुणाला खिळले होते. काही विचारलं की तोंड फिरवायचे. नुसतं शेजारी बसलं, काही केलं नाही, की बऱ्याच वेळाने आपणहून बोलायला लागायचे. म्हणून ते दार तसं केलं, असं त्या लिहितात. घाई नसलेल्या माणसालाच ते भेटावेत, एवढंच मागितलं होतं. आणि शेवटी एक ओळ, की तुम्ही ते उघडलंच नव्हतं, हो ना?

उत्तर लिहायला घेतलं. 'तांत्रिकदृष्ट्या' या शब्दाने सुरुवात केली. मग पुसलं. पोस्ट काढून टाकली. खरं तर चूक बोक्याची आहे. खरी गोष्ट इतकी थट्टेसारखी लिहायचीच कशाला?

मग आठवलं, की बायकोला मीच ग्रुप वाचायला सांगितलाय. फोन केला, उचलत नाही. साहेबांना डोकं दुखतंय असं सांगून निघतोय. दुखतंही आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळ

तिने कालच वाचलं. सगळ्यात वर ती पोस्ट आणि खाली माझं नाव. आधी तीही हसली म्हणे. नवराच थट्टा करतोय म्हटल्यावर निर्धास्तपणे, गंमत म्हणून, कंट्रोलर पोटावर ठेवला आणि पडून राहिली. दार उघडलं.

तिने टीव्ही बंद केला. आत गेलीच नाही. म्हणाली, रोज तिथेच बसत होते, डोळे मिटायला लागले की बंद करत होते, एखाद्या दुपारी तशीच झोप लागली असती आणि ते माझं मला उघडलं असतं. मी म्हणालो, शेवटी उघडलं ना, कसं का उघडेना. ती म्हणाली, मला रोज धरून बसवतात, तेही बसणंच असतं.

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. घासलेलीच होती.

२६ फेब्रुवारी, बुधवार

बाईंनी मॉडरेटरपद काढून घेतलं, अगदी सौम्य शब्दांत. बोक्याला दिलं. आता काय बोलावं. 'द्वारपाल' हे नाव मात्र माझ्याकडे ठेवलंय, ते मी कमावलेलं आहे.

बायकोची आजची तपासणी कशीबशी पार पडली. पाय वाकतोय, पण ती मन लावत नाही, असं फिजिओथेरपिस्ट मला बाजूला घेऊन म्हणाला. परतताना टॅक्सीत तिने स्वतःच विषय काढला. काही महिने गेमला हात लावायचा नाही, जरा विसरल्यासारखं झालं की पहिल्या मजल्यापासून पुन्हा खेळायचं. दार कसं उघडतं ते गेलं ते गेलं. आत काय आहे ते अजून कोणी सांगितलेलं नाही, तेवढं माझं शिल्लक आहे, म्हणाली. तोवर पायऱ्या चढण्याइतका पाय बरा करते. मी शब्द दिला, की माझ्याकडून ब्रही निघणार नाही. तिने मान हलवली. घरी आल्यावर आपणहून व्यायामाचा पट्टा मागितला, म्हणजे गाडी रुळावर येतेय.

२ मार्च, रविवार

अखेर मी दार उघडलं. मदत घेतली असं म्हणता येणार नाही, कारण बसायचं काम माझं मलाच करावं लागलं आणि ते सोपं नाही. एकदा फोन वाजला, एकदा मीच तो वाजला का बघितलं, एकदा नाक खाजलं. शेवटी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो.

आत एक खोली. खाट, खिडकी. म्हाताऱ्या माणसाचा आवाज येतो. बाहेर अजून उजेड आहे का, असं विचारतो. मग कोणाचे तरी बूट घट्ट व्हायचे ते सांगतो, एक रेडिओ कसा दुरुस्त केला ते सांगतो, मध्येच थांबतो, पुन्हा बोलतो. मी सगळे कोपरे धुंडाळले. पुढे दार नाही, बक्षीस नाही. इथे लोक रडले म्हणे. मी तेव्हा रखवालदाराला खाटेखाली पाठवला होता, तिथेही काही नाही.

संध्याकाळी बायको पट्टा लावून पाय उचलत होती. दात आवळलेले, डोळ्यांत पाणी. बघून मला फार वाईट वाटलं, अगदी मनापासून. एवढ्या एका दारासाठी तिने स्वतःचे इतके हाल करून घ्यावेत, हे मला बघवेना. म्हणून धीर द्यायला म्हणालो, अगं, त्या खोलीचं एवढं मनावर घेऊ नकोस, आत काही विशेष नाही, एक आजारी आजोबा बोलत असतात, तेवढंच.

तिने पाय खाली ठेवला, पट्टा सोडून त्याची घडी केली आणि व्यायाम उद्या बघू म्हणाली. टीव्ही तसाही रिकामाच आहे, तुला मॅच बघायची असेल तर बघ, असंही म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

मॅच बघितली. तिला त्रास नको म्हणून आवाज बंद ठेवला.