बापूजींचा ढेकर आणि आपलं सोडायंत्र

नागपूर, ६ एप्रिल १९७४

ती. मधुकररावांच्या सेवेशी, धाकटा मेहुणा केशव याचा शिरसाष्टांग नमस्कार. आपली प्रकृती कशी, इंदुताईचे गुडघे काय म्हणतात? इकडे सगळे बरे आहोत (आमच्या सौ. सुभद्रेचा घसा ओरडून बसला आहे, पण ते ओघात येईलच).

आपण मुंबईहून पाठवलेलं, घरच्या घरी सोडा करायचं यंत्र सुखरूप पोचलं आणि वेळेवर पोचलं. सोड्याचा ढेकर आल्याशिवाय बापूजींना दुपारची झोप लागत नाही, हे आपण जावई म्हणून जाणताच. तीस वर्षं ते कोपऱ्यावरच्या नत्थूजींच्या दुकानात बसून सोडा पीत आले. महिन्यापूर्वी नत्थूजी चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, “बापूजी, सोडा पिऊन राहिले का भोंगा वाजवून राहिले?” बापूजींनी अर्धी बाटली तिथंच ठेवली आणि त्या दुकानाची पायरी न चढण्याची शपथ घेतली. तेव्हापासून त्यांना ढेकर नाही, झोप नाही आणि आम्हाला चैन नाही.

यंत्राबरोबरचा कागद इंग्रजीत होता. मी कचेरीत रोज इंग्रजी फायली हाताळतो, तेव्हा तो वाचायची मला गरज वाटली नाही. पहिल्या दिवशी बाटली काठोकाठ भरली (अर्धं भांडं पुढं करणं आपल्यात बरं दिसत नाही) आणि गॅसचं काडतूस पिळलं, तर गॅस बाजूनंच फुस्स करून निघून गेला. दुसऱ्या दिवशी खटका दाबताच साधं पाणीच आलं, पण इतक्या जोरात की बापूजींचा चष्मा उडाला. तिसऱ्या दिवशी काटोलची संत्री घरात होती, म्हणून म्हटलं संत्र्याचाच सोडा करू. गरासकट रस ओतला. निम्मा छताला लागला, निम्मा नळीत अडकला. सुभद्रेचा घसा तेव्हा बसला.

अखेर बापूजी देवळात गेल्याचं पाहून मी नत्थूजींनाच घरी आणलं. “रस कोन टाकते गा यात?” एवढंच ते बोलले. त्यांनी नळी धुतली, वायसर बदलला, पाणी बर्फात गार करायला लावलं (कोमट पाण्यात गॅस टिकत नाही म्हणे) आणि बाटली चार बोटं रिकामी ठेवली. पैसे घेतले नाहीत. जाताना म्हणाले, “मी आलतो म्हनून म्हाताऱ्याले सांगू नका.” त्या दुपारी बापूजींना असा ढेकर आला की शेजारच्या शोभाताई खिडकीत आल्या. तेव्हापासून यंत्र बिनतक्रार चालतं. आपले उपकार विसरणार नाही.

मुलांना आशीर्वाद.

आपला,
केशव

ता. क. यंत्र चालतं, हीच अडचण आहे. बापूजींना ढेकर येतो, पण झोप येत नाही. दुपारभर भिंतीकडे पाहत बसतात. मला ते बघवत नाही. तरी कृपा करून त्यांना एक कार्ड टाकावं, की यंत्र धोक्याचं निघालं आहे, ताबडतोब परत पाठवा. जावयाचा शब्द ते खाली पडू देत नाहीत, आणि शपथ मोडायला त्यांना एवढं निमित्त पुरे आहे.

आणखी ता. क. कार्ड लवकर टाकावं. नत्थूजी महिनाअखेर दुकान विकून रामटेकला मुलीकडे कायमचे राहायला जात आहेत, आणि बापूजींना हे अजून कुणी सांगितलेलं नाही.