उरलेला पत्रा

सोलापूर, मंगळवार, १३ एप्रिल १९७६

डोकं फिरलंय. डॉक्टरांची व्हॅन आज पुन्हा सांगोल्याच्या रस्त्यावर तापून बंद पडली. ताकद वाढावी म्हणून मीच तिला मोठे पिस्टन बसवले. चढावर झकास पळते, पण दहा मैलांत इंजिनाची भट्टी होते. पंख्याच्या वाऱ्यावर थंड होणारं इंजिन, त्याला भोवती पत्रा कशाला? मोकळं राहिलं तर वारा जास्त लागेल, म्हणून तो काढूनच टाकला. मग चुकलं कुठं?

दुपारी उलट डॉक्टरांनाच झापलं, "तुमी गाडी लई दामटता." तिकडे सांगोल्याला त्यांची वाट बघत पेशंट उन्हात ताटकळले म्हणे.

संध्याकाळी घरी आलो तर शेगडी रसरसून पेटलेली आणि तिच्याभोवती तोच वाकडा पत्रा. बायको म्हणाली, "अवो, तुमी भंगारात टाकलाता की. ह्यो लावल्यापासनं वारा हिकडंतिकडं जात न्हाई, नीट निखाऱ्यावर जातो."

हातातला चहा तसाच राहिला. पंख्याचा वारा इंजिनावर नेणारा पत्राच मी काढून टाकला!

मागितला, तर म्हणते, "भाकऱ्या होऊ द्या आधी." बसलोय. डॉक्टरांना काय सांगायचं ते ठरवतोय, पण 'चुकलो' याशिवाय दुसरा शब्द सुचत नाही.