वादळात लागलेली झोप

बाबा, काल मी सिनेमात झोपले. पडद्यावर समुद्र खवळलेला, डोलकाठी मोडून पडलेली, नायक एका हाताने दोरखंड आणि दुसऱ्या हाताने नायिकेला धरून लोंबकळत होता, आणि आयुष्यभर असल्या सिनेमांची पहिल्या दिवसाची तिकिटं काढणारी मी खुर्चीत मान टाकून चक्क घोरत होते. शेजारी बसलेल्या मैत्रिणीने कोपराने ढोसलं तेव्हा जाग आली. "अगो, बोट बुडाली," ती म्हणाली. मी म्हटलं, "बुडू दे." आणि म्हणताना माझं मलाच दचकल्यासारखं झालं, कारण ते अगदी तुमच्या आवाजात आलं. आज सकाळी चहा केला आणि तुम्हाला लिहायला बसले. इकडे सगळं ठीक आहे. आई ठीक आहे. तुमचा नातू आता बोटीवर असतो, तुमच्यासारखा गंज खरवडायला नाही, पांढऱ्या कपड्यांतला ऑफिसर म्हणून. तोही मजेत आहे.

तुम्ही रजेवर आलात की पहिल्या रविवारी आपण दोघं सिनेमाला जायचो. भाट्याच्या पुलावरून एसटी खडखडत निघायची, तुम्ही परदेशी साबणाच्या वासाचे, इस्त्रीच्या शर्टातले, आणि मी खिडकीला. एकदा माझ्या आवडीचा सिनेमा, एकदा तुमच्या, असा आपला करार होता. माझी आवड सगळ्या वाडीला माहीत होती: बेटं, खजिने, जंगलं, तलवारी, आणि समुद्र असेल तर फारच छान. मला वाटायचं, माझा बाप खलाशी, साता समुद्रांपलीकडे जाऊन येणारा, त्याला हे नाही आवडणार तर कुणाला? आणि तुम्ही तर पहिलं वादळ सुरू होताच हात पोटावर ठेवून शांत झोपी जायचात. मध्यंतराचे दिवे लागले की डोळे चोळत विचारायचात, "बुडली काय?" मी चिडायचे. तुम्ही म्हणायचात, "अगो बाय, त्या बोटीवर गंज काढताना कोण दिसला तुला? रंग मारताना? सगळे नुसते उड्या मारतायत. सारंगाने, आमच्या मुकादमाने, एकेकाला लाथ घातली असती." मग मला भजी घेऊन द्यायचात आणि पुन्हा झोपायचात.

तुमच्या पाळीचा सिनेमा मात्र वेगळाच. त्यात समुद्र नाही, घोडा नाही, बंदूक नाही. एक घर, त्यात दोन भाऊ, दोन सुना, एक म्हातारी, आणि अडीच तास नुसती धुसफूस. तिथे तुम्ही खुर्चीच्या कडेला येऊन बसायचात. थोरलीने धाकटीला टोमणा मारला की तुमचा श्वास अडकायचा. कुणी दार आपटून निघून गेलं की तुम्ही मागे वळून प्रेक्षकांकडे बघायचात, जणू त्यांच्यातलं कुणीतरी उठून त्याला थांबवील. आणि रुमाल तर पहिल्या गाण्यालाच बाहेर निघालेला. मला लाज वाटायची. बाहेर आल्यावर एसटी सुटेपर्यंत हॉटेलात चहा घेताना तुमची पंचाईत चालूच: "थोरलीचं बोलणं चुकलं, पण राग खरा हाय तिचा. त्या धाकट्याने एकदा तोंड उघडायला हवं होतं. नाय?" मी म्हणायचे, "बाबा, काय घडलं त्यात? कप फुटला. बस." सिनेमात काहीतरी घडायला हवं, असं माझं ठाम मत होतं, आणि घडणं म्हणजे काय हे मला तेव्हा पक्कं माहीत होतं.

आता घराबद्दल लिहायला हवं. तुम्ही घरी असताना आपल्याकडे कधी आवाज चढला नाही, हे तुमच्या लक्षात आलं होतं ना? आईचा तसा नियमच होता. बाकी खलाशांच्या घरांतूनही तेच होतं, त्यामुळे मला त्यात काही विशेष वाटलं नाही. माणूस थोडे दिवस येतो, त्याच्या डोक्याला ताप नको. तुमची तार आली की घर सारवून जसं स्वच्छ व्हायचं तशी भांडणंही आवरून ठेवली जायची. काकाशी गडग्यावरून आपलं केवढं वाजलेलं होतं. त्याने चिरे सरकवून कुंपण आपल्या फणसापर्यंत आणलं होतं, आई आणि तो एकमेकांचं तोंड बघत नव्हते. पण तुम्ही आलात की तोच काका सकाळी पडवीत येऊन बसायचा, आई त्याला चहा द्यायची, आणि तुम्ही दोघं सिंगापूरच्या गोष्टी करायचात. तुमची ट्रंक घेऊन गाडी मुंबईला निघाली की दुसऱ्या दिवशी गडग्यावर पुन्हा शिव्या सुरू. काकासुद्धा तुमची रजा पाळायचा, बाबा.

एक सकाळ मला फार दिसते. चुलीवर तवा आहे, आई बांगडे तळते आहे, आणि मी खांबाला टेकून रडते आहे. मला पुण्याला जायचं आहे, सिनेमा शिकायला. आई म्हणते आहे, "सिनेमा शिकतात काय गो? लोकांनी काय म्हणायचा आमाला?" मी तिला काहीतरी लागेल असं बोलते, ती उलथनं आपटते, आणि तेवढ्यात तुम्ही दारात उभे राहता. खांद्यावर पंचा, नुकतेच विहिरीवरून आलेले. "काय चाललाय?" तुम्ही विचारता. तुमच्या चेहऱ्यावर जे आहे ते मी त्या दिवशी वाचलं नाही. आज सिनेमातला चेहरा वाचावा तसा वाचू शकते. तुम्ही खुर्चीच्या कडेला आला होतात. आई पदराने तोंड पुसते आणि हसते. "काय नाय. तुम्ही पडवीत बसा, गरम गरम आणते." मीही हसते. तुम्ही थोडा वेळ उंबऱ्यावर रेंगाळता आणि पडवीत जाऊन बसता. पाहुणे जिथे बसतात तिथे. मी पुढे बँकेत लागले, माझं काही वाईट झालं नाही. पण तुम्ही त्या दिवशी आत आला असतात तर माझ्या बाजूने बोलला असतात, हे मला आता खात्रीने वाटतं, आणि वाटून उपयोग नाही.

आणि आजीचं. तुमची आई पावसाळा सरताना गेली. तुम्ही कुठल्या तरी लांबच्या बंदराकडे निघाला होतात. वडीलधारे पडवीत जमले आणि म्हणाले, कळवून काय करायचं? येता येणार नाही, तिकडे जीव टाकील, आणि उंचावर दोराला लटकून काम करणारा माणूस. सगळ्यांना पटलं. त्यात कुणाचंही मन काळं नव्हतं. घरात तुम्हाला पत्र लिहायचं काम माझ्याकडे होतं; आई सांगायची, मी लिहायचे. दहावं-तेरावं उरकल्यावर आईने सांगितलं, "लिही, सगळी खुशाल हायत." आजीचं काहीच नसलं तर तुम्हाला शंका येईल, म्हणून म्हणाली, "लिही, आजीचे गुडघे थंडीने दुखतात." मी लिहिलं. पत्र मुंबईला बोटीच्या एजंटाच्या ऑफिसात गेलं आणि तिथून पुढच्या बंदरात तुमच्या हातात पडलं.

तुम्ही आलात ते ब्लँकेट घेऊन. जाड, मऊ, त्यावर भला मोठा वाघ. ट्रंकेत मावलं नाही म्हणून काखेत धरलेलं. पडवीत पाय ठेवताच तुम्ही हाक मारलीत, "आये!" आईने तुमच्या हातातलं ब्लँकेट काढून घेतलं, एवढंच केलं तिने, आणि तुम्हाला समजलं. तुम्ही कुणावर रागावला नाहीत. "कधी?" म्हणून विचारलंत, उत्तर ऐकलंत, आणि अंगावरच्या प्रवासाच्या कपड्यांनीच विहिरीवर जाऊन डोक्यावर पाणी ओतून घेतलंत. मयताची बातमी उशिरा कळली की माणूस अशी आंघोळ करतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. किती तरी वेळ रहाटाचा आवाज येत होता. काका दोर ओढून देत होता.

त्याच रजेत, बऱ्याच दिवसांनी, आपण सिनेमाला गेलो. पाळी तुमची होती. त्यात ती म्हातारी मरते. सगळ्या सिनेमांत मरते तशीच सावकाश मरते: मुलं भोवती, सुना पायांशी, एकेकाला जवळ बोलावून ती काही सांगते आहे, मागे सनई. मी वैतागून हळूच म्हटलं, "मरायला इतका वेळ लागतो का कुणाला?" तसं वाईट मत नव्हतं ते. आजही त्या प्रसंगाची अर्धी लांबी मी कापली असती. तुम्ही पडद्यावरची नजर न काढता म्हणालात, "गप. मला बघू दे." मला तुम्ही आयुष्यात रागाने बोललेले शब्द तेवढेच. त्या दिवशी एसटी सुटेपर्यंत तुम्ही चहा घेतलात, पण थोरल्या सुनेबद्दल काही बोलला नाहीत.

बोट कायमची सोडून घरी आलात तेव्हाही आम्हाला तुमच्यासमोर भांडता आलं नाही. सवयच नव्हती. काकासुद्धा गडग्याचं गुपचूप मिटवून टाकून मोकळा झाला, कारण तुमची ही रजा संपेना. तुम्ही दुपारच्या खेळाला एकटे जाऊ लागलात. मी तेव्हा नोकरीतली, चार लोक माझं मत विचारून तिकीट काढणारे, मी तुम्हाला चिडवायचे, "गेलात का रडायला?" तुम्ही हसून म्हणायचात, "तिकडे निदान भांडतात तरी." मी हा विनोद मैत्रिणींना सांगायचे. मग तुम्ही आजारी पडलात. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून जे सांगितलं ते आम्ही पोटात ठेवून आत आलो. तुम्ही विचारलंत, "काय म्हणाला?" आई म्हणाली, "सगळा ठीक हाय." तुम्ही आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "ठीकच असणार." घरची पत्रं वाचायची सवय होती तुम्हाला.

माझं मत आता बदललंय, बाबा, तेच सांगायला लिहितेय. साहसाचे सिनेमे अजून बघते, पण त्यांच्यातली खोट मला दिसायला लागली आहे. नायक संकटातून वाचून किनाऱ्याला लागला की तिथे सिनेमा संपतो. तो घरी जाऊन पडवीत ट्रंक टेकवतो, तिथपासून पुढे कुणीच दाखवत नाही. आणि कौटुंबिक सिनेमे अजूनही रडके आहेत, सनई आहेच, शेवटी सगळे सगळ्यांना माफ करतात ते तर मला मुळीच पटत नाही. पण त्यात माणसं एकमेकांना तोंडावर सांगतात: तू चुकलास, मला लागलं, आई आजारी आहे, ये. आपल्या घरात हे धाडस कुणालाच जमलं नाही. तुम्ही तिकीट काढून ते बघायला जायचात, आणि मी शेजारी बसून म्हणत होते की काही घडतच नाही.

परवा पोराचा बोटीवरून व्हिडिओ कॉल आला. हल्ली पत्रं लागत नाहीत, तोंड दिसतं. म्हणाला, "आई, आजीकडे दे ना जरा." आई वाघाचं ब्लँकेट पायांवर घेऊन बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि लाजून विचारलं, "रजा कधी मिळतेय?" त्याला वाटलं, आजी थट्टा करते, तो खो खो हसला. मी फोन काढून घेतला, रेंज जातेय म्हटलं. "आजी बरी आहे ना?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "मजेत. गुडघे तेवढे दुखतात." फोन ठेवल्यावर आईने मला जवळ बोलावलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "माझ्या डोक्याचं त्यांना सांगू नको हां. माणूस लांब हाय. जीव टाकील तिकडे."

त्याला सुटी मिळायला अजून अवकाश आहे. तोवर ती कुणाला ओळखेल असं नाही, असं डॉक्टर म्हणतात. आता कळवलं तर अधूनमधून तिला स्वतःचं नाव आठवतं तेव्हा तरी तो तिच्याशी बोलू शकेल, मधेच उतरून येणंही जमवू शकेल. नाही कळवलं तर एक दिवस तो काखेत काहीतरी धरून पडवीत येईल आणि हाक मारील.

तुम्ही गेलात तिथे हे पत्र पोचवायला आता कुठला एजंट नाही. वर मी आई ठीक आहे असं लिहिलंय. हात सवयीने चालला, आता खोडत नाही. आई बरी नाही, बाबा. काल दुपारपासून ती मला बाय म्हणत नाही, परक्या बाईला म्हणावं तसं अहो म्हणते. तुम्हाला वाईट बातमी दिली ती ही पहिलीच. तुम्हाला सांगून झालं तर पोराला सांगायला सोपं जाईल असं वाटलं होतं. संध्याकाळी त्याचा फोन येईल, आणि माझी अजून जीभ रेटत नाही.