पिंपळगाव ओलांडेल एवढं डिझेल

नाना,

पेट्रोल संपून गाडी बंद पडली तर गाडीचं काही बिघडतं का, असं परवा माझ्या मुलीने मला विचारलं. ती सध्या गाडी शिकते आहे. मी म्हटलं, बिघडतं, माझ्या वडिलांच्या जीपचं बिघडलं होतं. ती पुढे काही विचारेल म्हणून मी थांबले, पण तिचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत गॅलरीत निघून गेली. तुम्ही गेलात तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता. तिला ती जीप माहीत नाही, चांदवडचा रस्ताही माहीत नाही, आणि मला मात्र तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये.

मखमलाबादच्या पुढचा आपला मळा, विहिरीकडची शेवंती, आणि चिंचेखाली उभी असलेली ती डिझेलची जीप. तुम्ही ती जुनीच विकत आणली होतीत, पण नव्या नवरीसारखी जपायचात. पहाटे तिच्यात फुलं भरायची, बाजारात उतरवायची, आणि परतताना आधी पंपावर थांबून टाकी भरायची. काटा निम्म्याच्या खाली आलेला मी कधी पाहिला नाही. एकदा मी विचारलं की एवढी घाई कशाला, अजून कितीतरी चालेल. तुम्ही म्हणालात, "डिझेलची गाडी कोरडी पडू द्यायची नाय. पाइपात हवा शिरती. तळाचा गाळ पंपात जातो. पंपाला तेलपाणी डिझेलचंच असतं, ते नसलं की आतल्या आत घासतं. माणसासारखं हाय, लगेच दिसत नाय." मी कॉलेजात जायला लागले तशी बाजारातून येऊन तुम्ही मला त्याच जीपने गेटपाशी सोडायचात. माझ्या ओढणीला शेवंतीच्या पाकळ्या चिकटलेल्या असायच्या. तुम्ही त्या झटकायला सांगायचात, आणि मी उतरून आत वळेपर्यंत जीप हलायची नाही.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मोठ्या काकांनी चांदवडचं स्थळ आणलं. कांद्याची मोठी शेती, बाजार समितीजवळ आडत, एकुलता एक मुलगा. काकांचा शब्द आपल्या घरात कुणी मोडला नव्हता. तुम्ही तर त्यांच्यासमोर खुर्चीवरही बसायचा नाहीत. मुलगा आणि त्याची आई बघून गेले, पसंती कळवली, आणि त्यांच्याकडून निरोप आला की लग्न उन्हाळ्यातच करायचं, पुढच्या शिक्षणाची आमच्याकडे गरज नाही. काका म्हणाले, बरोबरच आहे. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या गेटपाशी जीप थांबवून तुम्ही समोरच्या काचेकडे बघत विचारलंत, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं." मग जरा वेळाने मी म्हटलं, "परीक्षा झाली असती तर बरं झालं असतं." एवढंच. तुम्ही मान हलवलीत आणि गिअर टाकलात.

मुलाची आजी अंथरुणाला खिळलेली होती. तिच्या डोळ्यांसमोर व्हावं म्हणून साखरपुडा त्यांच्याच घरी ठरला. सकाळी आपण निघालो. पुढे तुमच्या शेजारी काका, मागे आई आणि मी, मांडीवर साडीचा आणि पेढ्यांचा डबा. ओझर मागे पडतं, पिंपळगाव येतं. पंप दिसतो, तुम्ही थांबत नाही. पिंपळगाव ओलांडून थोडं पुढे गेल्यावर जीप दोन-तीनदा आचके देते, आणि तुम्ही ती हळूच रस्त्याच्या कडेला घेता. दोन्ही बाजूंना नुकत्याच लावलेल्या कांद्याचे वाफे आहेत, पाटाला पाणी सोडलेलं आहे. काका खाली उतरतात.

"काय झालं रे?"

"डिझेल संपलं वाटतं."

"वाटतं म्हंजे? तुला दिसलं नाय?"

"काटा अडकला असंल, दादा."

काका जे बोलले ते आईने आणि मी मान खाली घालून ऐकलं. त्यांनी चांदवडकडे जाणारा एक ट्रक थांबवला, साडीचा डबा घेतला आणि म्हणाले, मी पुढे होऊन त्यांना थांबवून धरतो, तू ये मागून. तुम्ही कॅन घेऊन उलटे पिंपळगावकडे चालू लागलात. वाटेत ट्रॅक्टर जात होते, मोटारसायकली जात होत्या. तुम्ही एकालाही हात केला नाहीत. परत आलात ते खूप वेळाने, एका हातात डिझेलचा कॅन आणि दुसऱ्या हातात कागदात बांधलेली द्राक्षं. आई म्हणाली, "ही काय येळ हाय का द्राक्षं घ्यायची?" तुम्ही म्हणालात, "भूक लागली असंल पोरीला." मग बॉनेट उघडून पाइपातली हवा काढायला बसलात. पाना सापडेना. सापडला तर नट फिरेना. मी बांधावर बसून द्राक्षं खात होते. ऊन चढत होतं आणि तुम्ही एकदाही कपाळावरचा घाम पुसला नाहीत.

जीप सुरू झाली तेव्हा दुपार टळली होती. आपण निघणार तेवढ्यात समोरून एस.टी. आली, थांबली, आणि काका खाली उतरले. डबा त्यांच्या काखेतच होता. "मोडलं," ते म्हणाले. मुहूर्त निघून चालला तसे तिकडचे लोक बोलायला लागले होते. मुलाच्या मामांनी म्हटलं की ज्यांना लेकीच्या साखरपुड्याला निघताना गाडीत डिझेल घालायचं कळत नाही, ते पुढे सोयरीक काय निभावणार. काकांनी ते ऐकून घेणं शक्यच नव्हतं. शब्दाला शब्द वाढला, आणि काका डबा उचलून बाहेर पडले. त्यांचा स्वभाव तुम्हाला जन्मापासून माहीत होता. परतीच्या वाटेवर ते तुम्हाला बोलत राहिले. तुम्ही एवढंच म्हणालात, "गाडी माझी, चूक माझी." त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले. आई म्हणाली, झालेला अपमान विसरून जा.

जीप मात्र पूर्वीसारखी झाली नाही. सकाळी सुरू व्हायला त्रास द्यायची, चढाला काळा धूर सोडायची. मिस्त्रीने पंप उघडला, गाळ निघाला, पंप घासलाही होता. ती गॅरेजमध्ये असेपर्यंत आपली शेवंती दुसऱ्यांच्या टेम्पोतून गेली, आणि फुलं उन्हात बसून कोमेजायची. बाजारात लोक तुम्हाला हटकायचे, "नाना, डिझेल भरलंय ना?" गाडी जपण्याबद्दल ज्यांचं नाव घेतलं जायचं, त्यांना हे ऐकावं लागत होतं. तुम्ही हसून पाटी खाली ठेवायचात. आणि मी परीक्षा दिली, मग तिसरं वर्ष, मग एम.एस्सी., मग सातपूरला औषधांच्या कारखान्यातली प्रयोगशाळेतली नोकरी. पहिल्या दिवशी तुम्ही मला तिथेही सोडायला आलात, धूर सोडणाऱ्या त्याच जीपने.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी मी स्वतःची गाडी घेतली, पेट्रोलची. गाडी दाखवायला मळ्यावर गेले. आई ओट्यापाशी मेथी निवडत होती. मी तिला सांगत होते, ह्या नव्या गाड्यांचा पंप टाकीतच असतो, पेट्रोलनेच थंड राहतो, म्हणून टाकी कोरडी होऊ द्यायची नाही, नाहीतर तो जळूही शकतो. नाना डिझेलच्या गाडीबद्दल असंच काहीतरी सांगायचे, आणि तरी त्या दिवशी विसरले. आई निवडायची थांबली.

"इसरले न्हवते," ती म्हणाली. "आदल्या दिशी सांजच्याला त्यांनी नळी लावून टाकीतलं डिझेल काढलं, अन् हिरीवरच्या इंजिनात वतलं. मी इचारलं, हे काय? तर म्हनले, पिंपळगाव ओलांडंल एवढं ठिवलंय."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"मी म्हनलं, गाडी खराब हुईल. तर म्हनले, हुदे."

आई पुन्हा मेथी निवडायला लागली. भावासमोर तुमच्याने नाही म्हणवलं नसतं, म्हणून तुम्ही तुमची सगळ्यात जपलेली वस्तू पुढे केलीत, आणि पुढे कधी त्याचा चकार शब्द काढला नाहीत. जीप भंगारात दिली त्या दिवशीही नाही. तेव्हा तुम्ही तिच्या बॉनेटवर हात फिरवलात आणि आत निघून गेलात, एवढं मला आठवतं. मला वाटलं होतं, जुनी गाडी म्हणून वाईट वाटलं असेल.

माझं बरं चाललंय, नाना. लग्न उशिरा केलं, माझ्या मनाने केलं, माणूस चांगला आहे. नोकरी मला आवडते. हे सगळं तुमच्यामुळे आहे आणि त्यात मला काही कमी-जास्त करायचं नाही.

फक्त एक गोष्ट आहे. तो मुलगा बघायला आला होता तेव्हा मी चहा घेऊन गेले, आणि माझ्या बोटांवर प्रयोगशाळेतल्या सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग होते. त्याच्या आईने ते पाहून तोंड वाकडं केलं. त्याने मात्र विचारलं, हे कशाचे? मी सांगितलं, आणि म्हटलं की हे धुतलं तरी जात नाहीत. तो हसून हळूच म्हणाला, "आमच्या हातांचा कांद्याचा वासही जात नाही." त्या रात्री मी अपमानासाठी रडले नव्हते. मुलगा मला आवडला होता. आईलाही हे माहीत नाही. तुम्ही आज असतात, समोर बसून चहा पीत असतात, तरी हे पत्र मी तुमच्या हातात दिलं नसतं.