शिरूरचं घर सिंधूबाईंचंच

मी, गेणबा सखाराम कोळपे, वय वर्षे शहात्तर, धंदा नाटक-सिनेमात काम करणे, मूळ राहणार वडगाव रासाई, हल्ली मुक्काम एसटी डेपोमागे, शिरूर, आज पूर्ण शुद्धीवर आहे. डॉक्टरांनी सकाळीच तपासून तसा दाखला दिला आहे. तो हाताशी आहे तोवर हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेतो.

१. मला विसर पडायला लागला आहे. वकीलसाहेब म्हणतात, हे वाक्य घालू नका. घाला! मीच सांगून टाकलं म्हणजे माझा पुतण्या विश्वजीत याला उद्या कोर्टात सांगायला काही उरणार नाही. गेल्या दिवाळीत दौंडला माझा सत्कार होता. लोकांच्या आग्रहाखातर वेड्या पाटलाचं भाषण म्हणायला उभा राहिलो. त्याच भूमिकेनं मला नाव दिलं. मधेच सगळं पुसलं गेलं. मी कोण, समोरचे हे कोण, काही कळेना. लोकांना वाटलं, म्हातारा काय थांबलाय बघा! टाळ्यांचा कडकडाट झाला. अरे मेल्यांनो, मी बुडत होतो. विंगेतून सिंधूनं शब्द दिला तेव्हा वर आलो. विश्वजीतनं ते सगळं मोबाईलवर घेतलं आहे. त्याला मात्र बरोबर कळलं.

२. सिंधूबाई लोंढे, मूळच्या दौंडच्या, आमच्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होत्या. नट अडला की नुसता पहिला शब्द द्यायचा, पुढचं त्यानं उचलायचं, ही त्यांची रीत. कंपनी मोडल्यापासून त्या माझ्याबरोबर राहतात. लग्न केलं नाही. ज्यांना बोलायचं होतं त्यांचं बोलून झालं आहे. आता घरातही त्यांचं तेच काम. दाराशी कुणी आलं की त्या "या, कारेगावचे..." एवढंच म्हणून थांबतात. नाव मी घेतो आणि माझी अब्रू राहते.

३. शिरूरचं तीन खोल्यांचं घर माझ्या सिनेमाच्या कमाईचं आहे. त्यात वडिलार्जित काही नाही. ते माझ्यामागे सिंधूबाईंना, पूर्ण मालकीनं. विश्वजीतला तिथं गाळे काढायचे आहेत. परवा तो तिला म्हणाला, "मावशी, आप्पांचं झालं की तुमी तुमची सोय बघा. आत्ताच सांगतो, मागनं रडू नगा." माझ्यासमोर! मी गेलोच म्हणून धरलं की काय त्यानं? वकिलांनी बक्षीसपत्र सुचवलं, म्हणजे आजच घर तिच्या नावावर. ती ऐकेना. "तुमी जित्ते असताना मी मालकीण आन् तुमी पाव्हणे? न्हाई जमायचं." आता हिला काय म्हणावं! म्हणून हा खटाटोप.

४. वडगाव रासाईची भीमेकाठची माझ्या वाट्याची जमीन विश्वजीतला. बापानं मेंढरं विकून ती घेतली. त्याच काठावर मेंढरांना हाका मारून माझा आवाज तयार झाला. घे बाबा, आणि शांत हो.

५. रंगपेटी, टोप, मिशा कोंडिबा ढोलकीवाल्याला. सत्काराच्या शाली ट्रंकभर आहेत, थंडीत एकही कामाची नाही. सिंधूनं त्यांच्या गोधड्या शिवाव्यात. निर्माते सोपानराव यांनी मला दर सिनेमात मध्यंतराआधी मारलं आणि पडद्यावर नाव कधी धड लिहिलं नाही. दहाव्याला त्यांना भाषण करू देऊ नये.

६. आता मुख्य. वकील सांगतात, शेवटचं मृत्युपत्र तेच खरं. म्हणजे मी पुरता रिकामा झाल्यावर विश्वजीतनं मला गाडीत घालून नेलं आणि हातात पेन दिलं, की हे सगळं वाया. मला याची फार भीती वाटते. त्या दिवशी मी हसत सही करीन. कुणी मागितली की सही द्यायची, ही जन्माची सवय! "ही बाई कोण?" विचारलं तर "ओळखत नाही" म्हणेन. आवाज माझाच असेल, खणखणीत. हात जोडतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आजच्या तारखेनंतर सिंधूच्या विरुद्ध माझ्या तोंडून जे निघेल ते नाटक समजावं. हे कलम कायद्यात बसत नाही म्हणतात. बसवा. माझ्याकडे दुसरं काही नाही.

७. हे सर्व मी राजीखुशीनं सांगितलं आहे, कुणाच्या सांगण्यावरून नाही. तसा संशय नको म्हणून सिंधूला दाराबाहेर बसवलं आहे. ती विंगेत नाही असा माझा हा पहिलाच प्रयोग.

वाचून दाखवलं, ऐकलं, बरोबर आहे.

सही: गेणबा सखाराम कोळपे
ठिकाण: शिरूर, जि. पुणे
तारीख: १७ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार:
१. डॉ. सुलक्षणा पवार, शिरूर (सही)
२. कोंडिबा भिवा शेंडगे, ढोलकीवाले, कारेगाव (सही)

साक्षीदार क्र. २ यांनी सांगितल्यावरून नोंद: "आप्पा सांगताना दोनदा अडले. एकदा तर सिंधूबाईंचंच नाव त्यांना गावंना. दार उघडं व्हतं, बाईंना समदं ऐकू येत व्हतं. त्यांनी तोंडात पदर कोंबून धरला, पर शब्द दिला न्हाई. लई येळ गेला. नाव आप्पांनी सोताच घेतलं."