आप्पा, मी माईक घेऊ का?

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला विचारते आहे, माईक घेऊ का? हसाल तुम्ही. पण आपल्या घरात माईकला हात लावलेलं माणूस तुमच्याशिवाय कुणी नव्हतं, मग विचारू कुणाला? तुमची नात मोबाईलवर विकायला आलेल्या माईकचा फोटो माझ्या नाकासमोर धरून बसली आहे. नुसता माईक नाही, अख्खा सेट आहे. टेबलाला आवळायचा दांडा, तोंडापुढची जाळी, हेडफोन आणि लेकराला कानटोपी घालावी तशी माईकला घालायची स्पंजची टोपी. शेवंती तोडताना बायका माझ्याजवळ जे बोलतात, सासर सोडून आलेल्या पोरी जे विचारतात, ते मी पॉडकास्टवर बोलावं असं तिचं म्हणणं. म्हणजे आपलं बोलणं रेकॉर्ड करून टाकायचं, ज्याला पाहिजे त्यानं मोबाईलवर ऐकावं. आणि सुरुवात माझ्यापासून करायची. इथंच माझं अडतं.

तुम्ही मारुतीच्या देवळातून पुकारायचात. कुणाची माती किती वाजता, कॅनॉलचं पाणी कधी सुटणार, उसात बिबट्या दिसलाय, पोरं एकटी सोडू नका. आधी माईकवर फुंकर मारायची, घसा खाकरायचा, मग बोलायचं. त्या दिवशी तुम्ही ग्रामसभेचं पुकारलंत आणि बटण बंद करायला विसरलात. मी चुलीपाशी भाकरी थापते आहे. गावाला सांगितलंय की पोर बाळंतपणाला आली आहे. आणि कर्ण्यातून तुमचा आवाज येतो, पुजाऱ्याशी बोलणारा, "न्हाई धाडायची आता तिला. मारत्यात वो. पाठ बघवत न्हाई पोरीची." आईनं धावत जाऊन दार लावलं, जसा काही दार लावल्यानं आवाज थांबणार होता. संध्याकाळच्या आत ते राहूला, माझ्या सासरी पोचलं. तुम्ही घरी आलात, मान खाली घालून जेवलात, आणि पुन्हा कधी त्या माईकपाशी गेला नाहीत.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण तू इथंच राहा, असं तुम्ही तोंडावर कधी म्हणाला नव्हतात. मला ते साऱ्या गावाबरोबरच कळलं, आणि बऱ्याच दिवसांनी मी पोटभर जेवले.

आता भीती तुमच्या नातीची वाटते. दौंडचं स्थळ आलंय, माणसं बरी दिसतात. त्यांनी माझं बोलणं ऐकलं तर? तिचा बाप अजून पुढारपण करत फिरतो, त्यानं दारात माणसं धाडली तर? हे तिला सांगितलं तर म्हणते, "आई, ऐकून ज्यांना पळायचंय ते लग्नाआधीच पळू दे की."

"तुला काय जातंय बोलायला? हात बघ कसा कापतोय माझा."

"म्हणून तर दांडा हाय सेटमधी. हातात धरायचाच न्हाई."

मला हसू आलं. पण राहूत कुणीतरी कानाला मोबाईल लावून माझा आवाज ओळखतोय, हे डोळ्यासमोरून हलत नाही.

हे तुम्हाला पोचायचं नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. सेट मागवलाय, आप्पा. पैसे मात्र दारात द्यायचे ठेवलेत. पोरीला म्हणाले, ऑनलाइनचा मला भरवसा नाही. खरं म्हणजे, तो माणूस खोकं घेऊन आला की अजून नको म्हणता येतं.